थंडीत जास्त रडणारी रेकॉर्ड

चांद्याहून बल्लारशाकडे जाताना जी कोळशाची खाण लागते, तिथल्या बाबू लोकांच्या चाळीत दर रविवारी दुपारी जॅझ ऐकलं जायचं, असं आज कोणाला सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढेल. पण जायचं. गोष्ट एकोणीसशे चोपन्न सालची आहे. खाणीच्या ऑफिसात नकाशे काढणारा मनसाराम गुरनुले हा त्या बैठकीचा यजमान, अध्यक्ष आणि एकमेव मालदार माणूस. म्हणजे ग्रामोफोन त्याचा आणि एकोणीस रेकॉर्डीही त्याच्याच.

हे घबाड त्याच्या हाती आलं ते साहेबाच्या कृपेने. खाणीचा इंग्रज मॅनेजर एकोणपन्नास साली विलायतेला परतला, तेव्हा मनसारामने चार दिवस त्याचं सामान बांधून दिलं. निघताना साहेबाने एका पेटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, ही तुला. पेटीत चावीचा ग्रामोफोन होता आणि तणसात गुंडाळलेल्या रेकॉर्डी होत्या. मनसारामने आयुष्यात कधी ग्रामोफोन चालताना जवळून पाहिलेला नव्हता. त्या चार दिवसांआधी साहेबाच्या बंगल्यात शिरायची त्याच्यासारख्यांना सोय नव्हती.

आता खाणीच्या वस्तीत धूळ म्हणजे काय चीज असते ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. ती माठातल्या पाण्यात शिरते, पिठाच्या डब्यात शिरते, झोपलेल्या माणसाच्या कानात शिरते. ही धूळ यंत्रात जाऊ नये म्हणून मनसारामने पहिल्याच दिवशी ग्रामोफोनचं बूड उघडलं आणि आतल्या दात्यांवर, गोळ्यांवर, जिथे जागा दिसली तिथे खाणीतलं वंगण थापलं. गाड्या ओढणाऱ्या लोखंडी दोराला लावतात ते वंगण. काळं, घट्ट, हाताला लागलं तर तीन दिवस न निघणारं. एक स्क्रू त्याला खिळखिळा वाटला, तोही त्याने चांगला आवळून टाकला. तो स्क्रू यंत्राचा वेग कमीजास्त करण्यासाठी होता, हे त्याला कोण सांगणार?

झालं. त्या दिवसापासून ते यंत्र हळू फिरायला लागलं. मिनिटाला जितके फेरे व्हायला हवेत, त्याहून पंधरा-वीस कमी. आणि मनसारामला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मुळात बरोबर वेग कसा असतो हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. त्याच्यासाठी जॅझ म्हणजे ते जे त्या पेटीतून यायचं. जड, संथ, पोटातून कण्हत निघालेलं.

त्याची बायको रंभा सुरुवातीला वैतागायची. "काय हेल काढून राह्यले हे लोक? कोनी मेलं का त्यायच्या घरी?" म्हणायची. पण एक रेकॉर्ड तिला आवडायची. मधोमध नावाचा लाल कागद असलेली, काठाला टवका उडालेली. तिच्यात ढोलाच्या साथीला एकच बाजा गायचा, पितळी, आणि शेवटाकडे तो एक सूर इतका लांब धरायचा की रंभा भाकरी थापता थापता थांबायची. "तो लांबवाला लावा," एवढंच म्हणायची. बावन्न साली पावसाळ्याच्या तोंडावर ती बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मनसाराम पस्तिशीचा होता.

त्यानंतर कितीतरी दिवस तो ऑफिसातून आला की लाल कागदाची रेकॉर्ड लावायचा आणि लांब सुराशी आला की रडायचा. रोज तिथेच. घरी कोणी समजूत घालायला आलं तर दार उघडत नसे. शेजारपाजारचे म्हणाले, गुरनुल्याचं डोकं फिरलं. एक नथ्थू तेवढा काही म्हणाला नाही.

नथ्थू खाणीच्या दिव्यांच्या खोलीत कामाला होता. खाली उतरणाऱ्यांचे दिवे पुसायचे, भरायचे, मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. आणि लग्नसराईत चांद्याच्या एका बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे तसाच फुंकायचा पितळी बाजा, वाजवायचा. पाळी सुटून जाताना एका संध्याकाळी त्याने रस्त्यावरून तो सूर ऐकला आणि येऊन पायरीवर बसला. मनसारामला दिसला तो रेकॉर्ड संपल्यावर. दुसऱ्या दिवशी नथ्थू पुन्हा आला. आठवडाभराने म्हणाला, "भाऊ, लोखंडी सुईनं रेकॉर्ड घासून राह्यली. मी बांबूची करून देऊ का?" वाळलेल्या बांबूची, तिरकी तासलेली, तीन कडांची सुई. रेकॉर्ड वाजून झाली की टोक पुन्हा तासायचं. आवाज थोडा बारीक यायचा, पण मऊ यायचा. त्या दिवसापासून सुया नथ्थूच्याच.

म्हणजे खरं पाहता बैठक सुरू झाली ती या दोघांची. खुर्च्या नंतर आल्या. एका खुर्चीवर देवतळे मास्तर, हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे, ज्यांना कोणत्याही विषयावर मत होतं. दुसरीवर सोमाजी फॉरेस्टर, जो धानोऱ्याच्या जंगलातून महिन्यातून दोनदा कामानिमित्त चांद्याला यायचा आणि येताना सुयांसाठी बांबू आणायचा. तिसरीवर मनसाराम स्वतः. नथ्थू पायरीवरच राहिला. त्याला कोणी वर ये म्हणालं नाही, आणि ये म्हणायला हवं असं कोणाला वाटलंही नाही. मनसारामलाही नाही.

बैठकीचा रिवाज ठरलेला. प्रत्येकाने एक रेकॉर्ड निवडायची, ती लावायची आणि मग ती का आवडते ते सांगायचं. बाकीच्यांनी खोडून काढायचं. नथ्थूची पाळी कधी लागत नसे. तो सुया तासायचा.

आणि काय एकेक चर्चा चालायच्या! एका रेकॉर्डीत गाणारा माणूस पन्नाशीचा आहे, जाडा आहे आणि दारू पिऊन त्याचा गळा बसला आहे, हे मास्तरांनी सिद्ध करून दाखवलं होतं. सोमाजी म्हणायचा की नाही, तो जंगलात काम केलेला माणूस आहे, लाकूडतोड्याचा दम असाच लागतो. पण सगळ्यात मोठा शोध लाल कागदाच्या रेकॉर्डीचा. ती थंडीत जास्त रडते, असं बैठकीचं एकमताने ठरलं होतं. वैशाखात लावली तर जरा हलकी वाटते आणि पौषात लावली तर काळीज पिळवटते. मास्तरांनी यावर हवामान आणि मनुष्यस्वभाव असं अर्धा तास भाषण दिलं. थंडीत वंगण आणखी घट्ट होतं, हे त्या तीन शहाण्यांच्या डोक्यातही आलं नाही. पायरीवर बसलेला माणूस मात्र खाली मान घालून बांबू तासत राहायचा.

मनसारामला या बैठकीने पुन्हा माणसांत आणलं, हे मान्य केलं पाहिजे. तो दाढी करायला लागला. तो बोलायला लागला. लाल रेकॉर्डीबद्दल तर असा बोलायचा की ऐकत राहावं. हा वाजवणारा नुकताच कोणाला तरी पोचवून आलेला आहे, तो म्हणायचा. अजून त्याच्या पायाला माती आहे. शेवटचा लांब सूर म्हणजे त्याला घरात जायचं नाही, तो दारातच उभा आहे. मास्तरांनी हे सगळं इंग्रजीत बसवून दिलं आणि नागपूरच्या एका वर्तमानपत्राला पत्र म्हणून धाडलं. ते छापून आलं! पंधरा दिवसांनी नागपूरच्या एका पारशी डॉक्टरांचं उत्तर आलं. आमच्या बंगल्यावर महिन्यातून एकदा जॅझचे शौकीन जमतात, जो तो आपली आवडती रेकॉर्ड आणतो आणि तिच्यावर दहा मिनिटं बोलतो. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आपण यावं. आपलं पत्र वाचून आम्ही थक्क झालो आहोत.

मनसारामने ते पत्र किती वेळा वाचलं त्याला सुमार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाणीचे नकाशे काढलेल्या माणसाला कोणीतरी खुर्ची देत होतं. आणि तो तिथे जाऊन नकाशावर नाही, रंभेवर बोलणार होता. कोणाला कळणार नव्हतं, पण रंभेवरच.

निघायच्या आधीच्या रविवारी बैठक भरली. थंडी मरणाची होती. लाल रेकॉर्ड लागली, आणि त्या दिवशी तर ती इतकी संथ चालली की लांब सूर संपेचना. मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली. रेकॉर्ड संपली आणि पायरीवरून आवाज आला.

"मनसारामभाऊ, एक बोलू का?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दोन वर्षांत नथ्थू बैठकीत पहिल्यांदा बोलत होता.

"हे यंत्र हळू फिरून राह्यलं भाऊ. हा सूर पाहा. एवढा दम कोनाच्याच छातीत नसते. मी घरी वाजोवून पाह्यलं, डोळ्यापुढं अंधारी आली. अन् सूर बी खाली हाय. बाज्याचा सगळ्यात खालचा सूर असते, त्याच्याही खाली जाऊन राह्यला हा मानूस. तो सूर त्या बाज्यात हायच नाई." तो जरा थांबला. "हे नाचाचं हाय भाऊ. नागपूरले जायच्या आधी यंत्र खोलून पाहा."

मास्तर हसले. "अरे नथ्थू, अमेरिकेतल्या हबशाची छाती आणि तुझी छाती एक आहे का?"

सोमाजीही हसला. मनसाराम हसला नाही. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. नाचाचं? ज्या सुरावर तो दोन वर्षं रडला, तो नाचाचा? रंभा भाकरी टाकून ज्याच्यासाठी थांबायची, तो? आणि हे कोण सांगतंय, तर दिवे पुसणारा. खरी गोष्ट अशी की नथ्थूचं बोलणं त्याला कुठेतरी पटलं होतं. म्हणूनच तो इतका भडकला.

"नथ्थू," तो म्हणाला, "वरातीत वाजोणाऱ्याले सगळीकडं वरातच दिसते. पायरीवर बसून आमाले शिकवू नोको. ऊठ."

नथ्थू उठला. तासलेल्या सुया त्याने कागदाच्या पुडीत घातल्या, पुडी कठड्यावर ठेवली आणि चाकू मिटून खिशात टाकला. "येतो भाऊ," म्हणाला.

नागपूरचा बंगला सिव्हिल लाइन्समध्ये होता. पंधरा-वीस माणसं, चार बाया, चहा, केक. मनसाराम नव्या धोतरावर मास्तरांचा कोट घालून गेला होता आणि लाल रेकॉर्ड त्याने रंभेच्या लुगड्यात गुंडाळून नेली होती. कोपऱ्यात विजेवर चालणारा ग्रामोफोन होता. त्याला चावी नव्हती.

त्याच्या आधी एका कॉलेजच्या प्रोफेसराची पाळी होती. प्रोफेसराने रेकॉर्ड वर धरली तेव्हा मनसारामला आनंद झाला, कारण ती त्याच्याकडेही होती. तोच निळा कागद, गाण्याचं तेच नाव. जाड्या, पन्नाशीच्या, गळा बसलेल्या माणसाची. सुई टेकली आणि एक पोरगी गायला लागली. वीस-बावीसची असेल. खेळकर, भरभर, हसत हसत गात होती.

मनसारामने हातातला कप खाली ठेवला. त्याला सगळं एका क्षणात कळलं. वंगण, स्क्रू, थंडी, सगळं. आता उठून जावं, पोटात दुखतंय म्हणावं, रेकॉर्ड वाटेत फुटली म्हणावं. पण डॉक्टरांनी त्याचं नाव पुकारलं होतं, लोक टाळ्या वाजवत होते आणि लुगड्याची गाठ कोणीतरी सोडतसुद्धा होतं. शिवाय एक वेडी आशा होती. बाकीच्या अठरा असतील तशा. ही एक नसेल. ही खरंच रडत असेल.

तो बोलला. पाठ केलेलं सगळं बोलला. पायाची माती, दारात उभा माणूस, घरात न जाणं. खोली एकदम शांत झाली होती. मग डॉक्टरांनी सुई टेकवली.

ढोल उडाला, बाजा उडाला आणि त्या संथ माणसाने बघता बघता फुगडी घातली. नाच होता तो, उघडाबोडका नाच. समोरच्या रांगेत एका बाईने तोंडावर हात दाबला. मग तो हात सुटला. मग सगळी खोली हसायला लागली. प्रोफेसर तर खुर्चीवरून घसरला. लांब सूर आला तो जेमतेम एका श्वासाचा, आणि आला तसा टुणकन गेला. लोक हसून हसून डोळे पुसत होते. त्यांनी ते सगळं भाषण ठरवून केलेली थट्टा समजलं होतं. डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला. "मिस्टर गुरनुले, इतका गंभीर चेहरा ठेवून इतका विनोद! पुढच्या वेळी पण यायचं."

मनसारामने मान लववली. दुसरं काय करणार होता? त्याने हसूनही दाखवलं.

रविवारी सकाळी तो बल्लारशाच्या गाडीने परत आला. घरी गेला नाही. सरळ नथ्थूच्या घरी गेला. खाणीच्या पलीकडच्या वस्तीत तो याआधी कधीही गेलेला नव्हता. दोन वर्षं हा माणूस आपल्या पायरीवर बसला आणि आपल्याला त्याचं घर विचारत जावं लागतंय, याची त्याला लाज वाटली. नथ्थू अंगणात बसून कॉर्नेट राखेने घासत होता. बायको सुकरी भांडी घासत होती. तिने पाहुण्याला पाहून घाईघाईने खाट टाकली. मास्तरांचा कोट आणि काखेतलं लुगडं बघून नथ्थूला जे कळायचं ते कळलं असावं.

"तुहं बरोबर होतं," मनसाराम म्हणाला. "नाचाचंच होतं. लोक हसले."

"हो भाऊ," नथ्थू म्हणाला.

"तुले कधी समजलं?"

नथ्थू कॉर्नेट घासत राहिला. "पहिल्याच दिवशी. रस्त्यावरून ऐकलं, तवाच."

"मंग दोन वर्षं बोलला काऊन नाई?"

"तुमी रडून राह्यले होते," नथ्थू म्हणाला. "बाई गेल्या होत्या तुमच्या. रडनाऱ्या मानसाले मी कसा सांगू, का भाऊ, हे नाचाचं हाय म्हनून? म्हटलं, रडू द्या. यंत्र हळू हाय तर हळू हाय, कोनाचं काय जाते. मले बी ऐकता ऐकता तसंच आवडाले लागलं."

"मंग त्या दिवशी काऊन सांगतलं?"

नथ्थूने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमी नागपूरले जाऊन राह्यले होते. तिथं लोक हसले असते."

मनसारामला खाटेवर बसवेना आणि उठवेना. लोकांनी आपल्याला हसू नये म्हणून एक माणूस दोन वर्षांचं मौन मोडतो आणि आपण त्याला ऊठ म्हणतो. आपण त्याला काय काय म्हणालो ते सगळं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. माफी मागायला हवी होती. पण ती त्याच्या तोंडून निघाली ती अशी: "आज बैठक हाय. तू ये. खुर्चीवर बस. अन् ते यंत्र तेवढं खोलून दे."

"नाई भाऊ."

"अरे, मी बोलावून राह्यलो ना स्वतः."

"घासलेटानं धुवा आतून. सगळं वंगन काढा. मंग वेगाचा स्क्रू असते, तो एक बोट सैल करा," नथ्थू म्हणाला. "घासलेट पाह्यजे फक्त. त्याले मानूस लागत नाई." आणि त्याने कॉर्नेट तोंडाला लावून फुंकर मारली, आतली राख उडवण्यासाठी.

सुकरीने चहा आणला होता. मनसारामने तो घेतला, पुरता प्यायला, कप उलटा ठेवला आणि निघाला.

दुपारी मास्तर वेळेआधीच आले. सोमाजीही आला, बांबूचा नवा तुकडा घेऊन. मनसारामने घरी येऊन घासलेटाची बाटली काढली होती, ग्रामोफोन उलटा केला होता आणि बूड उघडून बराच वेळ आतल्या काळ्या वंगणाकडे पाहिलं होतं. मग त्याने बूड पुन्हा लावून टाकलं. बाटली चुलीजवळ परत ठेवली.

"काय, कसं झालं? लोक काय म्हणाले?" मास्तर खुर्चीत बसता बसता म्हणाले.

"डोळे पुसले लोकायनं," मनसाराम म्हणाला.

"मी म्हटलं नव्हतं?" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "आणि तो बँडवाला आपल्याला शिकवायला निघाला होता! लाव, लाव. आज थंडीही चांगली आहे."

नागपूरच्या तयारीत आठवडाभर रेकॉर्ड लावून लावून कठड्यावरची पुडी संपली होती. मनसारामने लोखंडी सुई लावली, चावी भरली आणि लाल रेकॉर्ड चढवली. खरखर करत ती हळूहळू फिरायला लागली. त्याने रंभेला आठवायचा प्रयत्न केला. तिचा थबकलेला हात, तव्यावरची भाकरी. काहीच येईना. लांब सूर आला तेव्हा त्याला दिसली ती तोंडावर हात दाबलेली नागपूरची बाई आणि ऐकू आला तो फक्त दम नसलेला एक खोटा आवाज, जो कोणत्याच बाज्यात नसतो.

"वा!" मास्तर डोळे मिटून म्हणाले.

सोमाजी म्हणाला, "वा."

मग दोघे मनसारामकडे बघायला लागले. पायरी रिकामी होती. मनसाराम "वा" म्हणाला आणि रेकॉर्ड उलटवायला उठला.